नकाशाचे कप्पे आणि त्यातलं करिअर

अकरावी-बारावीच्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकात टोपोशीट हातात येते. तिच्या माथ्यावर ४७ एफ/१४ असा काहीसा क्रमांक छापलेला असतो. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि समोच्च रेषा, सांकेतिक खुणा यांच्याकडे वळतात, कारण गुण तिथे असतात. या क्रमांकापाशी थोडं थांबायला हवं. ज्या क्षेत्राबद्दल हा लेख आहे, त्या जीआयएसचा, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचा, पाया इथेच आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाने भूभागाचे चार अंश गुणिले चार अंश असे मोठे तुकडे पाडले. त्यातला ४७वा तुकडा ७२ ते ७६ अंश पूर्व रेखांश आणि १६ ते २० अंश उत्तर अक्षांश यांच्यामध्ये बसतो. त्याचे चार आडवे, चार उभे असे सोळा भाग केले आणि त्यांना ए ते पी ही अक्षरं दिली. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग केले. ४७मधल्या एफमधला चौदावा भाग म्हणजे ४७ एफ/१४. शनिवारवाडा त्यात येतो. क्रमांक डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की प्रत्येक पायरीला जागा लहान होत जाते.

आता २०२५ कडे येऊ. त्या वर्षीच्या मे महिन्यात डाक विभागाने डिजिपिन ही व्यवस्था लोकांसाठी खुली केली. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीने ती तयार झाली आहे. भारत आणि भोवतालचा समुद्र मावेल असा ३६ अंश बाजूचा एक चौकोन घ्यायचा, त्याचे चार गुणिले चार असे सोळा कप्पे करायचे, प्रत्येकाला एक चिन्ह द्यायचं आणि हीच क्रिया दहा वेळा करायची. दहाव्या पायरीला सुमारे चार मीटर बाजूचा कप्पा उरतो आणि त्याला दहा चिन्हांचा पत्ता मिळतो. टोपोशीटमध्ये सोळाची ही विभागणी दोनदा होते, इथे दहा वेळा. ज्या मुलीला टोपोशीटचा क्रमांक खऱ्या अर्थाने समजला, तिला डिजिपिन नव्याने शिकावा लागत नाही. भूगोल घेऊन पुढे काय, असं विचारणाऱ्या पालकांना माझं पहिलं उत्तर हेच आहे.

पिनकोड असताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्यामागे संस्कृतचे कवी आणि दळणवळण खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं डोकं होतं. सहा अंकांची ती रचना पत्र वाटपासाठी उत्तम आहे. पण पिनकोड सांगतो ते वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचा परिसर. तो कुठे दोन गल्ल्यांचा, तर कुठे वीस वाड्यांचा असतो, आणि त्याच्या हद्दी वेड्यावाकड्या असतात. रुग्णवाहिकेला डोंगरातल्या एका वस्तीवर पोहोचायचं असेल, तर तेवढ्याने भागत नाही. गावांच्या हद्दींचंही तेच. तालुके फुटतात, ग्रामपंचायती वेगळ्या होतात, आणि दहा वर्षांपूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत. आखलेला कप्पा मात्र निवडणुकीने बदलत नाही, जिल्ह्याच्या विभाजनानेही नाही. पाऊस, पीक, दवाखाने, अपघात अशी वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकाच कप्प्याच्या क्रमांकावर आणली की ती एकमेकींशी जुळवता येते.

संगणकाच्या बाजूने पाहिलं तर अडचण वेगळी दिसते. मोबाइलवर कुणी 'जवळचं औषधाचं दुकान' शोधतं, तेव्हा साठ्यात लाखो ठिकाणं असतात. त्या प्रत्येकापर्यंतचं अंतर मोजत बसलं तर उत्तर यायला वेळ लागेल, आणि असा प्रश्न एकाच क्षणी हजारो लोक विचारत असतात. अक्षांश आणि रेखांश या दोन संख्या आहेत, तर संगणकाला एकाच संख्येने क्रमवार लावलेली यादी झपाट्याने चाळता येते. म्हणून दोन संख्यांची एक संख्या करायची, आणि तीही अशी की जमिनीवर शेजारी असलेली ठिकाणं यादीतही शक्यतो शेजारी यावीत. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९१ मध्ये एक वक्र मांडला होता. तो संपूर्ण चौकोन भरून टाकतो आणि जवळचे बिंदू शक्यतो जवळच ठेवतो. त्या काळी ते शुद्ध गणित होतं. गूगलच्या एस-टू या प्रणालीने पृथ्वी एका घनाच्या सहा बाजूंवर उतरवली, प्रत्येक बाजूवर हा वक्र फिरवला आणि सुमारे एक चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या कप्प्याला ६४ बिटांचा क्रमांक दिला. ज्या मुलांना गणित आवडतं, पण त्याचं पुढे काय होणार हे कळत नाही, त्यांनी हा वक्र कागदावर स्वतः काढून पाहावा. चार कप्प्यांपासून सुरुवात करा, मग सोळा, मग चौसष्ट. तासाभराचं काम आहे.

'शक्यतो' हा शब्द मी दोनदा वापरला, कारण खरी परीक्षा तिथेच असते. डिजिपिनची पहिल्या पायरीची एक आडवी रेषा साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर येते. ती नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातून जाते. रेषेच्या दक्षिणेकडच्या शेताचा डिजिपिन ४ ने सुरू होतो आणि बांधापलीकडच्या उत्तरेच्या शेताचा ३ ने. शेतं एकमेकांना लागून, आणि पत्त्याचं पहिलंच चिन्ह वेगळं. उलट पुणे आणि कोल्हापूर दूर असूनही दोन्ही ४ मध्येच. म्हणजे सुरुवातीची चिन्हं सारखी असतील तरच ठिकाणं जवळची, असं गृहीत धरून कुणी प्रणाली लिहिली, तर मालेगावातल्या शेतकऱ्याला रस्त्यापलीकडचं खताचं दुकान दिसणारच नाही. म्हणून शोध घेताना आपला कप्पा आणि भोवतालचे कप्पे असे दोन्ही तपासावे लागतात. मुलाखतीत हा प्रश्न आला, तर ज्याने स्वतः नकाशावर रेषा मारून पाहिली आहे तोच नीट उत्तर देतो.

चौकोनाचा आणखी एक दोष आहे. त्याला आठ शेजारी असतात, चार बाजूंचे आणि चार कोपऱ्यांचे. कोपऱ्यातल्यांचं अंतर बाजूच्यांच्या सुमारे १.४ पट पडतं. षटकोनाला सहाच शेजारी असतात आणि सगळे जवळपास सारख्या अंतरावर. टॅक्सी सेवेला कुठल्या भागात किती गाड्या आहेत आणि किती प्रवासी वाट पाहत आहेत हे क्षणाक्षणाला पाहायचं असतं, म्हणून उबरने षटकोनांची एच-थ्री ही प्रणाली बांधली आणि २०१८ मध्ये ती सर्वांसाठी मुक्त केली. केवळ षटकोनांनी गोल झाकता येत नाही, काही पंचकोन लागतातच. फुटबॉलवर पाहा, पांढऱ्या षटकोनांच्या मध्ये बारा काळे पंचकोन असतात. एच-थ्रीमध्येही प्रत्येक पायरीला बरोबर बाराच पंचकोन आहेत आणि रचना अशी फिरवून बसवली आहे की ते समुद्रात पडावेत. बाराच का, याचं उत्तर ऑयलर यांच्या सूत्रात आहे, आणि बारावीच्या विद्यार्थ्याला ते समजू शकतं. एच-थ्रीलाही किंमत मोजावी लागली आहे. मोठ्या षटकोनात सात लहान षटकोन तंतोतंत बसत नाहीत, कडा थोड्या बाहेर येतात. एस-टूच्या चौकोनांत ही अडचण नाही. कुठल्या कामाला कोणती प्रणाली घ्यायची हे ठरवणं, याचाच पगार मिळतो.

सगळ्यांत मोठा निर्णय असतो कप्प्याच्या आकाराचा. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची देशभराची नोंद पाव अंशाच्या चौकटींत बसवली आहे. अत्यंत मोलाचं काम आहे ते. पाव अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २६ ते २८ किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातलं सरळ अंतर त्याहून थोडं कमीच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वाईला हजाराच्या आत. सह्याद्रीच्या माथ्यावर अशा एका चौकटीची सरासरी काढली, तर ती ना डोंगराची असते ना खोऱ्याची. मान्सूनचा शंभर वर्षांचा कल पाहायला ती चौकट योग्य आहे. एखाद्या गावातल्या शेतकऱ्याचा पीकविम्याचा दावा तिच्यावर ठरवायचा म्हटलं, तर अन्याय होऊ शकतो. संगणक दोन्ही नकाशे सारख्याच सुबकपणे रंगवून देतो. कोणता नकाशा कुठे वापरू नये हे सांगायला घाट पाहिलेला माणूस लागतो. माझ्या मते या क्षेत्रात सर्वांत मोठी उणीव अशाच माणसांची आहे. उत्तम प्रोग्राम लिहिणारे, पण खोऱ्याचा उतार न कळणारे बरेच असतात. भूगोल जाणणारे, पण चार ओळींचा कोड पाहून मागे सरणारेही बरेच. दोन्हीकडे पाय ठेवणारा विद्यार्थी विरळा.

आता पालकांच्या प्रश्नांकडे. नोकरी कुठे मिळते? सरकारी बाजूला भारतीय सर्वेक्षण विभाग, इस्रोची केंद्रं, नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भूमी अभिलेख विभाग आणि महापालिका आहेत. खासगी बाजूला सामान पोहोचवणाऱ्या, टॅक्सी, विमा, शेती आणि दूरसंचार क्षेत्रातल्या कंपन्या येतात. तिथे पदाच्या नावात 'जीआयएस' असेलच असं नाही, डेटा इंजिनिअर म्हणून घेतात आणि काम या कप्प्यांचंच असतं. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना नकाशे तयार करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही आलं. त्यामुळे दार पूर्वीपेक्षा बरंच उघडलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी. या क्षेत्रातली पहिली नोकरी अनेकदा डिजिटायझेशनची असते, म्हणजे उपग्रहचित्रावर दिवसभर इमारती आणि रस्ते रेखाटत बसायचं. मुलगा कंटाळून घरी येईल. काही महिने हे काम केल्याने डोळा तयार होतो, म्हणून ते कमीपणाचं मानू नये. पण त्याच काळात संध्याकाळी पायथन आणि डेटाबेस शिकणं थांबलं, तर तो तिथेच अडकेल. रेखाटण्याचं हे काम यंत्रं वेगाने शिकत आहेत.

शाखा कोणती? बारावीला गणित असेल तर वाटा जास्त. पण कला शाखेत भूगोल घेतलेल्यांना दार बंद नाही, त्यांना संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग स्वतःहून जोडावं लागेल. पदवी स्थापत्य, संगणक, भूगोल, भूशास्त्र, भौतिकशास्त्र यांपैकी कशातही चालते. पुढे पुण्यात सिम्बायोसिसच्या संस्थेत जिओइन्फर्मेटिक्सची एमएस्सी आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हेच शिकवते आणि तिचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमही असतात. अभियंत्यांसाठी गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे, आणि आयआयटी मुंबईत संसाधन अभियांत्रिकीचं केंद्र आहे.

सहा आठवड्यांत 'जीआयएस एक्सपर्ट' करून देणाऱ्या महागड्या वर्गांना पैसे भरण्याआधी मुलाला सुट्टीत एक काम करू द्या. साध्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं. ओपनस्ट्रीटमॅपवरून आपल्या तालुक्यातल्या शाळांची ठिकाणं घ्यायची. त्यावर आधी मोठे आणि मग लहान षटकोन टाकायचे आणि प्रत्येकात किती शाळा येतात ते मोजायचं. मोठ्या षटकोनांत तालुका समाधानी दिसेल, लहान षटकोनांत रिकामे कप्पे उघडे पडतील. मग त्यातल्या एका रिकाम्या कप्प्यात, शक्य झालं तर एसटीने, जाऊन यायचं. तिथे खरंच शाळा नाही, की आहे आणि नकाशावर कुणी टाकलेली नाही? नसेल तर तिथली मुलं कुठे जातात? दुसरं निघालं, तर मुलाने ती शाळा ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः नोंदवावी, ती सोय सर्वांना खुली आहे. या कामात तो जेवायला हाक मारूनही उठला नाही, तर प्रवेशाची चौकशी सुरू करा. चौकशीला जाल तेव्हा त्या संस्थेला विचारा की शेवटच्या सत्रात विद्यार्थी कोणाच्या खऱ्या प्रश्नावर काम करतात, आणि मागच्या वर्षीच्या दोन-तीन प्रकल्पांचे नकाशे पाहायला मागा.