जुन्या मालमोटारीतील पाणी

मालमोटार जुनी झाली की मालकाचे लक्ष साहजिकच झिजलेल्या भागांकडे जाते. टायर, क्लचप्लेट, कमानी यांची झीज डोळ्यांना दिसते. परंतु जेथे असू नये तेथे साचलेले पाणी पुष्कळ दिवस दृष्टीस पडत नाही. आणि त्याचा परिणाम जाणवतो तेव्हा गाडी कदाचित घाट उतरत असते.

प्रथम ब्रेकचा विचार करू. हवेच्या ब्रेकसाठी एंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून ती वातावरणाच्या सुमारे सात-आठ पट दाबाने टाकीत भरतो. ही तप्त हवा टाकीत निवली म्हणजे तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन ते तळाशी बसते. कॉम्प्रेसर झिजलेला असल्यास त्यात तेलही मिसळते. मुंबई-कोलकात्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हे पाणी झपाट्याने वाढते. त्यायोगे टाकीत हवेला जागा कमी उरते. काटा पूर्ण दाब दाखवितो, पण साठा अपुरा असतो. उतारावर लागोपाठ ब्रेक दाबावे लागले की तो झरझर घटतो. हिमालयातील रस्त्यांवर हिवाळ्यात हेच पाणी झडपांत गोठून हवेची वाट अडवू शकते. नव्या गाड्यांत हवा कोरडी करणारे उपकरण बहुधा असते, पुष्कळ जुन्या गाड्यांत ते नसते. अशा गाडीची दिवसाची फेरी संपल्यावर चाकांना ठोकळे लावावेत आणि प्रत्येक टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी पूर्ण निघेपर्यंत तशीच ठेवावी. दोन-तीन टाक्या असल्यास आडबाजूची हटकून विसरली जाते! सकाळी दाब पुरा भरल्यावाचून गाडी हलवू नये.

पाणी डिझेलहून जड असल्याने ते डिझेलच्या टाकीतही तळ गाठते. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपातील दट्ट्यांना वंगण डिझेलचेच मिळते, आणि तेथील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी इतकी सूक्ष्म असते. तेथे गंज चढला तर पंपच उतरवावा लागतो. म्हणून रात्रभर तळाशी बसलेले पाणी सकाळी एंजिन सुरू करण्यापूर्वी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काढावे व हातपंपाने नळीतील हवा घालवावी. संध्याकाळी टाकी भरून ठेवल्यास आत बाष्प जमण्यास वाव कमी राहतो.

रेडिएटरमध्ये पाणी हवेच, पण ते क्षारयुक्त विहिरीचे नको. क्षारांचा थर उष्णता अडवितो व एंजिन तापते. बाहेर कोठे गळती नसताना रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल, तर तेलाची पट्टी काढून पाहावी. सिलिंडरच्या लायनरखालच्या रबरी रिंगा जुन्या झाल्या की पाणी तेलात उतरते. तेलाची पातळी आपोआप वाढलेली पाहून क्लीनर खूष होतो, पण ते चिन्ह वाईट होय. तेल दुधाळ दिसल्यास, भाडे कितीही तातडीचे असो, एंजिन सुरू करू नये. कारण असे तेल बेअरिंगांना वंगण पुरवू शकत नाही.