मेगर चांगला, तरी मोटर ट्रिप का होते?

प्रश्न : आमच्या कारखान्यातली 6.6 केव्हीची मोटर लोडवर येताच ‘करंट अनबॅलन्स’ दाखवून ट्रिप होते. मेगर तर उत्तम येतो. वाइंडिंग जळालं असेल का? – एक वाचक, भाईंदर (पूर्व)

उत्तर : वाइंडिंग उघडायची घाई करू नका. मेगर इन्सुलेशन तपासतो. सैल जोड त्याला दिसत नाही.

आधी परमिट घ्या, ब्रेकर बाहेर काढा, सप्लाय नसल्याची खात्री करून अर्थिंग करा. मोजण्यापुरतंच ते काढा. केबल सोडवून मोटरच्या टर्मिनलवर मायक्रो-ओहम मीटरने आर-वाय, वाय-बी, बी-आर रेझिस्टन्स मोजा. तिन्ही जवळपास सारखे हवेत. स्टार जोडणीत आर-वाय आणि बी-आर जास्त, पण वाय-बी ठीक असेल, तर दोष आर फेजमध्ये, बहुधा आतल्या लीडच्या ब्रेझिंगमध्ये. तिन्ही सारखे आले, तर केबल जोडून ब्रेकरच्या टोकाकडून पुन्हा मोजा. आता फरक पडला, तर केबलचे लग बघा : काळवंडलेलं तांबं, वितळलेली टेप, खाडीकडच्या दमट हवेत धरलेला हिरवा गंज.

लग घासून पुन्हा वापरू नका. नवा क्रिंप करा आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. दोन्हीकडे आकडे सारखेच असतील, तर ब्रेकरचे कॉन्टॅक्ट आणि सीटीची वायरिंग तपासा.