शरीराची राखण
(रविवारच्या शाळेचे शिक्षक व पालक यांच्यासाठी पाठ)

वर्गात मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा. खेळताना गुडघा फुटला तर तो बरा कोण करतो? बहुतेक मुले "डॉक्टर" किंवा "औषध" असे उत्तर देतील. औषधाची मदत होते हे खरे. परंतु औषध लावण्याच्या आधीच शरीरात काम सुरू झालेले असते. ते कसे चालते हे आज पाहू.

१. बाहेरचा कोट
आपली कातडी हा पहिला कोट होय. ती अखंड असेपर्यंत बहुतेक रोगजंतूंना आत वाट मिळत नाही. नाकातील चिकट द्रव धूळ व जंतू अडकवतो. जठरातील आम्ल अन्नाबरोबर आलेले पुष्कळ जंतू मारते. डोळ्यांतील पाण्यात लायसोझाइम नावाचे द्रव्य असते, ते काही जंतूंचे कवच फोडते. याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली लावला.

२. आतील पहारेकरी
कोटाला भगदाड पडले की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलात काटा टोचला, तेव्हा काट्याभोवती पेशी जमलेल्या त्यांना दिसल्या. अशा पेशी जंतूंना गिळून टाकतात. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः या लढ्यात मेलेल्या पेशीच होत. सूज, लाली व ऊब ही मदत येऊन पोहोचल्याची खूण आहे.

३. ओळखणाऱ्या पेशी
काही पांढऱ्या पेशी याहून सूक्ष्म काम करतात. त्यांतील प्रत्येक पेशी विशिष्ट आकार तेवढा ओळखते. ओळखीचा जंतू भेटला की ती झपाट्याने वाढते. हे काम मुख्यतः लसिका ग्रंथींत चालते. म्हणूनच पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. यांतील काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ती जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. काही पेशी रोग लागलेल्या पेशींचा नाश करतात. पहिल्या वेळी या तयारीला आठवडा किंवा अधिक लागतो, आणि तेवढ्यात आपण आजारी पडतो. पण बरे झाल्यावर काही पेशी आठवण राखून मागे उरतात.

४. पासष्ट वर्षांची आठवण
ही आठवण किती टिकते? उत्तर अटलांटिक सागरातील फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली होती. पुढे १८४६ पर्यंत तेथे गोवर नव्हता. त्या वर्षी तो पुन्हा आला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. डेन्मार्कचे तरुण डॉक्टर पीटर पानुम तेथे गेले. लहानपणी १७८१ साली गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्यांना आढळले नाही. ज्या वृद्धांना तेव्हा तो झाला नव्हता, त्यांना मात्र तो झाला.

५. मग रोग होऊ द्यावा काय?
"गोवर सगळ्यांनाच येतो, येऊन जाऊ द्या," असे अजूनही काही घरांत ऐकू येते. हा विचार धोक्याचा आहे. गोवरात न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, मुले दगावतात. शिवाय गोवराचा विषाणू आठवण राखणाऱ्या पेशींवरच घाला घालतो, त्यामुळे पूर्वीच्या इतर रोगांची ओळखही काही अंशी पुसली जाते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. लशीत तोच विषाणू दुर्बळ करून दिलेला असतो. शरीर ओळख शिकते, पण किंमत मोजावी लागत नाही. लशीनंतर एखाद्या मुलाला थोडा ताप येतो. ते शरीर शिकत असल्याचे लक्षण आहे. ताप फार चढला किंवा मूल मलूल दिसले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

भारतात गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळते. आपल्या मुलाला लस दिली म्हणजे शेजारच्या तान्ह्या बाळाचेही रक्षण होते, कारण त्याचे लशीचे वय अजून झालेले नसते.

वर्गासाठी प्रश्न
१. जखमेत पू का होतो?
२. फेरो बेटांवरील वृद्ध कशामुळे वाचले?
३. आपल्या घरातील लहान मुलाचे दोन्ही डोस झाले आहेत काय? घरी जाऊन कार्ड पाहा.