डिस्चार्जनंतर फोन कुणाला?

अवयव बदललेल्या आणि छातीत मशीन बसवलेल्या पेशंटचं काम मी कोल्हापुरात बसून बघते. ऑपरेशन बहुतेक वेळा पुण्या-मुंबईला झालेलं असतं, पेशंट शिरोळ, कागल, राधानगरीकडचा असतो, आणि मधलं सगळं सिस्टरकडे येतं. तिकडचे सर्जन, इकडचे फॅमिली डॉक्टर, मेडिकलवाला, लॅब, घरची माणसं, प्रत्येकाला पेशंटबद्दल थोडंथोडं ठाऊक असतं. सगळं ठाऊक असणारं एक तरी माणूस लागतं. ते नसलं की काय होतं हे बघितलंय, म्हणून लिहिते.

ऑगस्ट 2019 चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. अशात किडनी बदललेल्या एका दादांचा फोन आला. गाव सोडून ते जयसिंगपुरात पाहुण्यांकडे आले होते. "सिस्टर, गोळ्या उद्या सकाळपुरत्याच हाईत. मेडिकलवाला म्हनतोय दुसऱ्या कंपनीची देतो, त्यातबी त्येच औषध हाय."

ती गोळी टॅक्रोलिमसची. दर बारा तासांनी, घड्याळ बघून घ्यायची. रक्तातलं तिचं प्रमाण कमी पडलं तर शरीर नव्या अवयवावर उलटतं, जास्त झालं तर तीच गोळी किडनीला त्रास देते. म्हणून कंपनी बदलायची तर डॉक्टरांना विचारून, आणि नंतर रक्त तपासून. पुरात लॅब कुठून आणायची? पुण्याच्या युनिटला फोन लावला, डॉक्टरांशी बोलून घेतलं, आणि त्याच कंपनीच्या, तेवढ्याच ताकदीच्या गोळ्या घेणारा दुसरा पेशंट जयसिंगपुरातच शोधला. त्यानं आपल्यातली एक पट्टी काढून दिली. कोण कुठली गोळी घेतं याची वही हाताशी होती म्हणून हे जमलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला मे महिन्यातच सांगते, महिनाभराच्या जादा गोळ्या घरात असू देत. कृष्णा-पंचगंगेकाठच्यांना तर बजावून सांगते. जुनी पट्टी आधी संपवायची, नवी मागे ठेवायची. पट्टीचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये असावा.

या गोळीच्या रक्ततपासणीतही घोळ होतो. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. माणसं सवयीने गोळी घेऊन लॅबमध्ये जातात, रिपोर्ट चढा येतो, आणि तो बघून कुणी डोस कमी केला तर अवयव धोक्यात. गोळी डब्यात घालून सोबत न्या, रक्त दिल्यावर तिथेच घ्या. रिपोर्टवर आदल्या रात्री गोळी किती वाजता घेतली ते लिहा.

संसर्गाबद्दल मी जास्त बोलते, आणि बोलतच राहीन. 3 डिसेंबर 1967 ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाला माणसाचं हृदय पहिल्यांदा बसवलं. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनीही तो प्रयत्न केला. केपटाऊनचा पेशंट अठरा दिवस जगला. गेला तो न्यूमोनियाने. नवं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबली होती, तिथेच संसर्गाला वाट मिळाली. औषधं आज कितीतरी सुधारलीत, तरी ही वाट पुरती बंद झालेली नाही.

आणि आमच्या कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देतात. कोल्हापूरकराला ते सोड म्हणणं जिवावर येतं, पण अवयव बदललेल्या माणसानं ते प्यायचं नाही. दूध उकळूनच. पपनस नको, त्यानं गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून गुळवेलीचा काढाही नको, आपण तीच शक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची नाही. ताप, उलट्या, जुलाब यांतलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. झोपमोडीचा संकोच बाळगू नका.

आता मशीनवाले. हर्नियाच्या ऑपरेशनला एका दवाखान्यात गेलेल्या मामांच्या कागदांवर पेसमेकरचा उल्लेखच नव्हता. पेसमेकरचं कार्ड घरच्या कपाटात. सूनबाईंना शंका आली, त्यांनी मला फोन केला, आणि मी भूलतज्ज्ञांना गाठलं. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेची कॉटरी वापरतात. पेसमेकरला ती वीज हृदयाचाच ठोका वाटू शकते, मग तो स्वतः ठोका द्यायचा थांबतो. ज्याचं हृदय पूर्ण त्या मशीनवर चालतं त्याचं काय होईल ते सांगायला नको. ऑपरेशन पुढे ढकललं, मशीन तपासून, त्यापुरतं सेट करून मग केलं.

कार्ड खिशात ठेवा. एमआरआयआधी दाखवा, सगळी मशीन त्यात चालत नाहीत. मोबाईल मशीनपासून वीतभर लांब, दुसऱ्या बाजूच्या कानाला. टीव्ही, मिक्सर खुशाल वापरा. उद्यमनगरात वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय कामाला हात घालू नये. आयसीडी म्हणजे ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं मशीन. त्याचा एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटलं तर फोन करा. लागोपाठ दोन बसले किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठा.

हे सगळं घेणाऱ्यांचं. देणाऱ्यांकडेही आम्हीच असतो, आणि या कामातला सगळ्यात अवघड भाग तो. अपघातातला मुलगा व्हेंटिलेटरवर असतो, अंग गरम, मॉनिटरवर ठोके दिसतात. आई म्हणते, "काळीज चालू हाय की वो." मेंदू मृत झाल्याची खात्री चार डॉक्टर करतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. मधल्या वेळात सिस्टर त्याचं बीपी, लघवी, अंगाची ऊब सांभाळते, डोळे कोरडे पडू देत नाही. एका ठिकाणी मृत्यूची बातमी आणि अवयवदानाची विचारणा एकाच दमात झालेली मी पाहिली. घरचे भडकले आणि त्यांचं बरोबर होतं. आधी डॉक्टरांनी मृत्यू सांगावा. घरच्यांना रडू द्यावं, प्रश्न विचारू द्यावेत. मग समन्वयकानं बसून विषय काढावा, आणि नाही म्हणाले तर तिथेच थांबावं. हो म्हणाले तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला कळवणं, पोलिसांचे कागद, गाडीची वेळ हे सगळं एकदम सुरू होतं. बाहेर काढलेलं हृदय चारेक तासांत बसवावं लागतं, आणि पुणे इथून सुमारे 230 किलोमीटरवर.

एक गोष्ट घरच्यांना डिस्चार्जच्या दिवशी सांगवत नाही, मी ती पुढच्या एखाद्या भेटीत सांगते. पेसमेकर बसवलेलं माणूस गेलं तर दहनाआधी मशीन काढून घ्यावं लागतं, आगीत त्याची बॅटरी फुटते. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी सांगा, काढायला फार वेळ लागत नाही. आयसीडी असेल तर तो आधी बंद करून घ्यावा लागतो, नाहीतर काढणाऱ्याला शॉक बसू शकतो. त्यासाठी कार्डावरचा मशीनच्या कंपनीचा फोन नंबर घरातल्या दोघांकडे तरी असू द्या.