अमोनियाच्या पात्रांत उत्प्रेरकाचा थर किती असावा ?

कामोठ्याच्या शिवारांत जेथें भातशेतें होतीं तेथें आज वसाहत उभी आहे; परंतु जवळच तळोजें येथें, तसेंच ट्रॉम्बे व अलिबागजवळील थळ येथें, आपल्या शेतांस लागणारीं खतें तयार होतात. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीस सुमारें २६ किलो अमोनिया खर्ची पडतो. तो ज्या पात्रांत घडतो त्याचें माप कसें ठरवितात, हें आम्ही या पाठांत सांगणार आहों.

एक भाग नायट्रोजन व तीन भाग हायड्रोजन यांचा संयोग झाला म्हणजे अमोनिया होतो. नुसते एकत्र ठेविल्यास हे वायु संयोग पावत नाहींत. जर्मनींत फ्रिट्झ हाबर यानें १९०९ सालीं ही कृति सिद्ध करून दाखविली, व कार्ल बॉश याच्या खटपटीनें १९१३ सालीं ओपाऊ येथें कारखाना चालू झाला. पोलादी पात्रांत लोहयुक्त खड्यांचा थर भरून त्यांतून मोठ्या दाबानें तप्त वायु सोडतात. हे खडे संयोगाची गति वाढवितात, पण स्वतः खर्ची पडत नाहींत. म्हणून त्यांस उत्प्रेरक म्हणतात.

आतां हिशेब पाहूं. रोज १००० टन अमोनिया हवा आहे. थरांत शिरतांना वायूंत शेंकडा ३ व बाहेर पडतांना शेंकडा १७ अमोनिया धरल्यास, तासास सुमारें ४,६०,००० घनमीटर वायु (शून्य अंश उष्णतामान व हवेच्या दाबास मोजलेला) थरांतून जावा लागतो. एक घनमीटर खड्यांतून तासास १०,००० घनमीटर वायु गेला असतां एवढा संयोग होतो असें प्रयोगानें ठरलें, तर ४,६०,००० भागिले १०,००० म्हणजे ४६ घनमीटर खडे लागतील. खडे कालांतरानें मंदावतात, म्हणून चौथाई अधिक धरून सुमारें ५८ घनमीटर. हे आंकडे नमुन्यादाखल आहेत.

परंतु खडे वाढवीत गेल्यानें अमोनिया वाढत जात नाहीं. संयोगाबरोबर उष्णता निघते. वायु फार तापला म्हणजे गति वाढते खरी, पण अमोनियाचें प्रमाण घटतें व थराचा शेवटचा भाग निरुपयोगी पडून राहतो. म्हणून थराचे दोन-तीन भाग करून मध्यें वायु निववितात. खडे बारीक असल्यास काम अधिक होतें, पण वायूस अडथळाही वाढतो. यास्तव पुष्कळ पात्रांत वायु वरून खालीं न सोडतां कडेकडून मध्याकडे नेतात. गंधकाचा अंशही खड्यांस विषासमान होय.

इतक्या सायासानें हवेंतून बांधलेला हा नायट्रोजन, खाचरांतील साचल्या पाण्यावर युरिया फेंकल्यास, अमोनिया होऊन पुन्हां हवेंत उडून जातो. म्हणून पाणी काढून तो चिखलांत मिसळावा, किंवा त्याच्या गोळ्या रोपांच्या चार चुडांमध्यें खोल दाबाव्या. कारखानदार खड्यांचा हिशेब ठेवितो, तसा आपण गोणीचा ठेवावा.