हनुवटी

प्रस्तावना

‘हनुवटी’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण त्याच्या पोटात दडलेला ‘हनु’ हा संस्कृत शब्द सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हनु म्हणजे जबडा. बाल मारुती उगवत्या सूर्याला फळ समजून त्याच्याकडे झेपावला, इंद्राने वज्र मारले, त्या आघाताने त्याचा जबडा भंगला आणि म्हणून त्याला ‘हनुमान’ हे नाव पडले, अशी कथा रामायणात आहे. जबड्याचे व्यंग ज्याच्या नावातच सामावले, त्याचीच मूर्ती गावोगावच्या वेशीवर उभी आहे. माणसांच्या बाबतीत मात्र पुढे आलेल्या वा मागे गेलेल्या हनुवटीचे समाज असे कौतुक करीत नाही.

प्रस्तुत पाठात जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी माहिती दिली आहे. पाठाचा अभ्यास केल्यानंतर ही शस्त्रक्रिया कोणासाठी असते, तिला किती काळ लागतो आणि तिच्यानंतर चेहऱ्यात व मनात कोणते बदल संभवतात, हे तुम्हांला सांगता येईल. तोंड व चेहरा यांवरून मराठीत रूढ झालेल्या काही वाक्प्रचारांचाही परिचय होईल.

मूळ पाठ

छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेव्हापासून रायपूर परिसरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. शहरातील तात्यापारा ही वस्ती त्यांच्या जुन्या ठिकाणांपैकी एक. समजा, अशाच एका घरात वीस वर्षांची एक तरुणी आहे. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी असा तिचा दिवस जातो. ती शिवणकाम करते आणि मुक्त विद्यालयातून बारावीची परीक्षा देण्याची तयारी करते आहे. तिचा खालचा जबडा वरच्या जबड्याच्या पुढे आलेला आहे. पुढचे दात एकमेकांवर टेकत नाहीत. शिवताना इतर बाया दोरा दातांनी पटकन तोडतात. हिला प्रत्येक वेळी कात्री शोधावी लागते. पेरू, ज्याला तिकडे ‘बिही’ म्हणतात, तो तिला चाकूने कापूनच खावा लागतो. बोलताना ‘स’ आणि ‘फ’ नीट उमटत नाहीत. छायाचित्र काढताना ती नकळत ओढणी हनुवटीवर घेते.

अशी ठेवण पुष्कळदा आनुवंशिक असते. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) हा हाब्सबुर्ग घराण्यातील. त्या घराण्याचा पुढे आलेला खालचा जबडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या चित्रांत दिसतो. कार्लोसला अन्न नीट चावताही येत नसे. राजवाड्यातील चित्रकारांनाही ती हनुवटी लपवता आली नाही. आपल्या या तरुणीची हनुवटी हुबेहूब तिच्या आजीची आहे, आणि या पाठातील खरी अडचण तेथूनच सुरू होते.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे असे घरी कळताच आजी म्हणाली, “अगं, देवानं दिलेलं तोंड. त्याला सुरी कशाला लावायची? मी नाही का काढला जन्म याच तोंडानं?”

नात म्हणाली, “आजी, मला पोळीचा घास दातांनी तोडता येत नाही गं.”

“मलाही येत नव्हता. वरणात कुस्करून खाल्ली.”

या संवादात दोघींचेही खरे आहे. आजीला वाटते की नात आपला चेहरा नाकारते आहे. नातीला मात्र आजीचा चेहरा नाकारायचा नाही; तिला घास तोडायचा आहे. तथापि, नुसता घासच तोडायचा आहे असे म्हटले तर तेही पूर्ण खरे होणार नाही. ओढणीचे काय, हा प्रश्न उरतोच. दिसण्याची इच्छा आणि चावण्याची गरज या दोन गोष्टी येथे एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांतली एक प्रतिष्ठित आणि दुसरी लाजिरवाणी असे मानण्याचे कारण नाही.

आता शस्त्रक्रियेविषयी. जबड्याचे हाड कापून ते योग्य जागी बसवण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८४९ साली अमेरिकेतील व्हीलिंग येथे सायमन हलिहेन या शल्यचिकित्सकाने केला. त्याच्या तरुण रुग्णाच्या मानेवर भाजल्याचे व्रण आखडले होते आणि त्या ओढीने तिचा खालचा जबडा विद्रूप झाला होता. पुढे १९०१ साली रेने ल फोर या फ्रेंच शल्यचिकित्सकाने मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाडे कोणत्या रेषांवर भंगतात याचा अभ्यास केला. वरचा जबडा हलवताना शल्यचिकित्सक आज त्यांतल्याच एका रेषेच्या मार्गाने हाड कापतात, आणि त्या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव आहे. हाड कोठे तुटते हे शोधणाऱ्याचे नाव हाड सुधारणाऱ्या क्रियेला मिळाले, हा योगायोग मजेचा. १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना उभे चिरून ते मागे किंवा पुढे सरकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती तोंडाच्या आतून करता येते; त्यामुळे गालावर व्रण राहत नाही.

चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया म्हणजे पाश्चात्त्यांची देणगी, असा समज मात्र करून घेऊ नये. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांच्या मधला कातडीचा पूल मात्र तसाच राखला, म्हणजे रक्त वाहत राहील. कंपनीच्या दोन डॉक्टरांनी हे पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजीच्या चित्रासह हा वृत्तान्त छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया करून पाहिली. पुण्याजवळच्या त्या कसबी माणसाचे नाव मात्र वृत्तान्तात आले नाही.

‘नाक कापले जाणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. कावसजीच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता. तोंड लपवणे, तोंड दाखवायला जागा न उरणे, चेहरा पडणे, तोंडघशी पडणे: अब्रू आणि चेहरा यांची मराठीने अशी गाठ मारून ठेवली आहे की एकाचा विचार दुसऱ्यावाचून करताच येत नाही.

पुन्हा त्या तरुणीकडे वळू. अशी शस्त्रक्रिया साधारणपणे जबड्याची वाढ थांबल्यावर करतात. मुलींमध्ये ती आधी थांबते, मुलांमध्ये थोडी उशिरा. त्यापूर्वी दातांना तारा लावून दात आपापल्या जबड्यावर सरळ उभे करावे लागतात. याला बहुधा वर्ष-दीड वर्ष लागते. या काळाविषयी रुग्णाला आधीच बजावून सांगायला हवे, कारण पुष्कळांचा धीर येथेच सुटतो. जबड्यांतले अंतर झाकण्यासाठी दात वर्षानुवर्षे वाकलेले असतात; ते सरळ केले की अंतर उघडे पडते आणि चेहरा आधीपेक्षा अधिकच बिघडल्यासारखा दिसतो. शेजारणी विचारतात, “तार लावून उलटंच झालं की गं!” उलटे झालेले नसते, उपचार वाटेवर असतात.

मग क्ष-किरण चित्रे, दातांचे साचे आणि मोजमापे होतात. रायपुरात शासकीय दंतवैद्यक महाविद्यालय आहे, आणि टाटीबंध भागात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. उपचार कोठेही घेतले तरी एक तपासणी छत्तीसगडच्या आणि विदर्भाच्या रहिवाशांनी विसरू नये: सिकलसेलची. हा आनुवंशिक रक्तदोष या भागातील अनेक समाजांत आढळतो. शरीरात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले, अंग गार पडले, तर या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. मोठ्या शस्त्रक्रियेत असा प्रसंग ओढवू नये म्हणून भूलतज्ज्ञाला ही गोष्ट आधी ठाऊक असावी लागते. घरात कोणाला वारंवार सांधेदुखी, कावीळ वा रक्ताची कमतरता असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. लग्न जुळण्यात अडथळा येईल या भीतीने हे लपवणारी घरे आहेत. अशा लपवण्याची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजावी लागू शकते.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. मुहूर्त आधी धरून त्याच्या मागे शस्त्रक्रियेची तारीख बसवणे ही मोठी चूक होय. पहिल्या दोन-तीन दिवसांत चेहरा इतका सुजतो की रुग्णाला आपले डोळेही अनोळखी वाटतात. बरीचशी सूज काही आठवड्यांत ओसरते, पण चेहरा स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागते. हाड टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी व स्क्रूंनी जोडलेले असते आणि ते सांधायला साधारण सहा आठवडे जातात. तोवर पातळ अन्न: वरणाचे पाणी, ताक, भाताची पेज. भातावरच्या पाण्याला छत्तीसगढीत ‘पसिया’ म्हणतात. गरिबाचे अन्न म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनाही या दिवसांत त्याची चव कळते. मात्र नुसत्या पेजेवर वजन झपाट्याने उतरते. म्हणून दूध, डाळ, अंडे असे काही त्यात मिसळून घ्यावे लागते.

खालचा ओठ आणि हनुवटी अनेकांना बधिर वाटते, कारण त्या भागाची संवेदना नेणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते. बहुतेकांना ती संवेदना महिन्यांत परत येते. काहींना काही अंशी कायमची गमवावी लागते. हा धोका संमतिपत्रावर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्यावा, न समजल्यास पुन्हा विचारावे आणि असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

या ठिकाणी एक फरक नीट ध्यानात घ्या. वाढ पूर्ण होण्याची वाट पाहावी, हा नियम सर्वांना लागू नाही. लहान मूल झाडावरून वा खाटेवरून हनुवटीवर आपटते, कानासमोरच्या सांध्याला मार बसतो आणि पुढे तो सांधा हाडासारखा जुळून जातो. कधी कानातला जंतुसंसर्ग तेथवर पसरूनही असे होते. मुलाची जणू कायमची दातखीळ बसते. तोंडात चमचा जात नाही, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते आणि रात्री घोरताना श्वास अडतो. अशा मुलाला ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणून घरी ठेवणे घातक आहे. जुळलेले हाड काढून सांधा मोकळा करावा लागतो आणि त्यानंतर तोंड उघडण्याचा व्यायाम, मूल रडले तरी, महिनोन्‌महिने करून घ्यावा लागतो. नाहीतर सांधा पुन्हा जुळतो.

नव्या चेहऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, दात दातांवर बसले, तरी पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना उदास वाटते. आरशात कोणी तिसरेच माणूस उभे असते. शिवाय आपण स्वतःला समोरून पाहतो. बाजूने आपल्याला लोकच पाहतात. जबड्याचा बदल बाजूनेच अधिक दिसत असल्यामुळे तो आपल्याआधी इतरांना जाणवतो, आणि त्यांच्या नजरेतून तो आपल्यापर्यंत पोहोचतो. काही जण कौतुक करतात. काही जण काहीच बोलत नाहीत, आणि ते अधिक बोचते.

व्यवहाराचीही बाजू आहे. परीक्षेच्या ओळखपत्रावर जुना चेहरा असतो. पर्यवेक्षकाला शंका आली तर ऐन वेळी गोंधळ नको, म्हणून अभ्यासकेंद्राला आधी लेखी कळवावे आणि रुग्णालयातून सुटी मिळाल्याचा कागद जवळ ठेवावा. आधारपत्रावरील छायाचित्र आधार केंद्रावर जाऊन बदलून घेता येते. बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळांची नोंद तीच राहते.

आपल्या कथेतील तरुणीने शस्त्रक्रिया करून घेतली असे धरू. आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी मऊ पोळी खायला परवानगी दिली. आजीने पोळी केली, तूप लावले आणि सवयीने ती वरणात कुस्करायला घेतली. नातीने तिचा हात धरला. पोळीचा तुकडा पुढच्या दातांत धरून तिने तो हळूच तोडला. आजी तिच्याकडे बघत राहिली, मग बोटाने तिची हनुवटी चाचपून म्हणाली, “कळतंय का गं तुला, मी हात लावलेला?”

“थोडं थोडं. डाव्या बाजूला जास्त.”

शब्दार्थ

आनुवंशिक – पिढीजात, आईवडिलांकडून मुलांत उतरणारे. व्रण – जखमेची खूण. कसबी – हातोटी असलेला, कुशल. संमतिपत्र – उपचारास मान्यता देणारा लेखी कागद. दातखीळ बसणे – जबडे घट्ट मिटून तोंड न उघडणे.

पाठावर आधारित प्रश्न

१. तारा लावल्यावर काही काळ चेहरा अधिक बिघडलेला का दिसतो?

२. जबड्याच्या कोणत्या विकारात वाढ पूर्ण होण्याची वाट पाहू नये? कारण लिहा.

३. “मी नाही का काढला जन्म याच तोंडानं?” या वाक्यातून आजीच्या मनातील कोणती भावना व्यक्त होते? आठ-दहा ओळींत उत्तर लिहा.

४. ‘तोंड’ या शब्दावरून तयार झालेले, पाठात न आलेले चार वाक्प्रचार लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम

घरातील जुनी छायाचित्रे काढून बसा. कोणाची हनुवटी कोणावर गेली आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.