शिखर आणि परतीची वाट

हिंगोली जिल्हा हा हिमशिखरांचा प्रदेश नव्हे. कयाधू नदीचे खोरे, काळ्या मातीची शेते आणि औंढा नागनाथाच्या परिसरातील टेकड्या, असे येथील भूमीचे रूप आहे. येथे कधी बर्फ पडत नाही. उन्हाळ्यात मात्र पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा भागात वाढलेल्या मुलामुलींनी गिर्यारोहणाची हौस धरावी काय? अवश्य धरावी. हिंगोलीच्या शेजारी नांदेड जिल्हा आहे आणि त्याला लागून तेलंगणातील निजामाबाद जिल्हा आहे. तेथील एका खेड्यातील शेतमजुराची मुलगी, मालावत पूर्णा, २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली. तेव्हा तिला चौदा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. परंतु ती गावातून निघून थेट एव्हरेस्टवर गेली नाही. आधी भोंगीरचा खडक, मग दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था आणि पुढे लडाखची थंडी, असे तिचे शिक्षण झाले होते. पर्वताची वाट पायरीपायरीनेच चढावी लागते.

पहिली पायरी घराजवळच असते. वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, पाठीवर थोडे ओझे घेऊन गावाजवळची टेकडी वारंवार चढावी व उतरावी. चढताना दम लागतो. उतरताना गुडघ्यांवर भार येतो आणि पाय घसरतो. म्हणून दोन्हींचा सराव हवा. दुसरी पायरी सह्याद्रीची. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. अवघड कड्यांवर तेथे लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. नवशिक्याने असे मळलेल्या वाटेचे शिखर प्रथम निवडावे.

सामान थोडे, पण नेमके असावे. घोट्याला आधार देणारे व तळव्याची पकड चांगली असलेले बूट प्रथम घ्यावेत. कोरे बूट घालून मोहिमेस निघू नये. ते आधी काही दिवस वापरून पायांच्या सवयीचे करावेत. सुती कपडा भिजला की अंग गारठवितो, तर लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते; म्हणून थंड प्रदेशात लोकरीचे कपडे न्यावेत. पुरेसे पाणी, गूळ-शेंगदाण्यांसारखा टिकाऊ खाऊ, विजेरी, पावसाळी अंगरखा, औषधपेटी आणि शिट्टी ही प्रत्येकाजवळ हवीत. संकटात सापडल्यास एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. ही खूण जगभरचे गिर्यारोहक ओळखतात. दोर, शिरस्त्राण आणि बर्फावरची कुऱ्हाड ही साधने मात्र शिक्षकाकडून शिकल्यावाचून हाती घेऊ नयेत. ज्याला गाठ मारता येत नाही, त्याचा दोर त्याला तारत नाही.

सामानाइतकेच हवामानही जाणून घ्यावे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या खडकावर शेवाळ धरते आणि धुक्यात वाट दिसेनाशी होते. उन्हाळ्यातील दुपार शरीरातील पाणी शोषून घेते. म्हणून नवशिक्यास हिवाळा उत्तम. तेव्हाही पहाटे निघावे आणि अंधारापूर्वी उतरावे. हिमालयात आणखी एक अदृश्य संकट असते. सुमारे ५५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. डोके दुखू लागते, मळमळते, अन्न नकोसे होते. अशा वेळी धिटाई दाखवून वर चढणे घातक ठरते. तेथेच विश्रांती घ्यावी. त्रास वाढला तर विलंब न लावता खाली उतरावे. उंची हळूहळू वाढविली की शरीर बहुधा विरळ हवेस सरावते.

वाटाड्याचे महत्त्व येथेच कळते. निसरडी जागा कोणती, पाणी कोठे मिळते आणि ढग कोणत्या बाजूने येतात, हे त्या डोंगराच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसास ठाऊक असते. मोठ्या शिखरांसाठी दार्जिलिंग व उत्तरकाशी येथील संस्थांत रीतसर शिक्षण मिळते. वाटाड्या पुढे असावा, एक अनुभवी माणूस शेवटी असावा आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालावे. वाटाड्याने ‘आता मागे फिरा’ म्हटले की वाद घालू नये.

परंतु मागे फिरणे म्हणजे पराभव नव्हे काय? १९५३ साली जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील तुकडी एव्हरेस्टवर गेली होती. २६ मे रोजी इव्हान्स आणि बूर्डिलाँ हे दोघे दक्षिण शिखरापर्यंत पोहोचले. जगातील सर्वोच्च स्थान अवघे शंभर मीटर उंच उरले होते. तोवर तेथे कोणी पोहोचल्याची नोंद नव्हती. परंतु प्राणवायूच्या उपकरणाने त्रास दिला होता, शरीर थकले होते आणि वेळही सरत होता. पुढे गेल्यास परत येता येणार नाही, हे ओळखून ते दोघे माघारी फिरले. खाली येऊन त्यांनी पुढील वाटेची माहिती सोबत्यांना दिली. तीन दिवसांनी, २९ मे रोजी, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी शिखरावर उभे राहिले. उतरताना त्यांना जो प्राणवायू उपयोगी पडला, तो त्या दोघांनी वाटेत ठेवलेल्या नळकांड्यांतील होता.

तेनसिंग व हिलरी यांची नावे जगाने लक्षात ठेवली. इव्हान्स आणि बूर्डिलाँ यांची नावे फारशी कोणी घेत नाही. तरीही पर्वतावर पहिले पाऊल टाकणाऱ्याने त्या दोघांचा धडा आधी शिकावा. शिखरावर पोहोचल्याने अर्धी चढाईच पूर्ण होते. उरलेली अर्धी सुखरूप घरी परतल्यावर पूर्ण होते.

स्वाध्याय

१. मालावत पूर्णा हिने एव्हरेस्टपूर्वी कोठे कोठे शिक्षण घेतले?
२. उंचीवर मळमळू लागल्यास काय करावे? का?
३. इव्हान्स आणि बूर्डिलाँ यांचे मागे फिरणे पराभव होता काय? आपले मत पाच-सहा वाक्यांत लिहा.